घर रिकामं मिळत नाही

एक युरोत घर! हे रील तुमच्याही फोनवर कधीतरी येऊन गेलं असणार. डोंगरावरचं इटालियन गाव, झिजलेला दगडी जिना, मोडकी खिडकी, आणि त्या खिडकीत उभं राहून एक परदेशी जोडपं सांगतंय, हे आम्ही एक युरोला घेतलं. पुढच्या तीस सेकंदांत भिंती पांढऱ्या होतात, फरशी बसते, गच्चीत लिंबाची कुंडी येते. शेवटी सूर्यास्त आणि दोन ग्लास. आपण लोकलमध्ये उभ्या उभ्या ते बघतो, सेव्ह करतो आणि विसरून जातो.

योजना खोटी नाही. सिसिलीतल्या साम्बुका गावाने २०१९ मध्ये अशी घरं लिलावात काढली तेव्हा जगभर बातम्या झाल्या. एक युरो ही फक्त बोलीची सुरुवात. घर तीन वर्षांत दुरुस्त करायचं ही अट, आणि त्यासाठी ५००० युरो अनामत. इथवर सगळं रीलमध्येही असतं. नसतो तो एक साधा प्रश्न: हे घर रिकामं का पडलं? तर त्यात राहणारी माणसं पोटासाठी बाहेर पडली म्हणून. कुणी अमेरिकेला, कुणी जर्मनीला, कुणी उत्तर इटलीतल्या कारखान्यांत. एकाने पोटासाठी सोडलेलं घर दुसरा हौसेसाठी घेतो, आणि दोघंही आपापल्या परीने परदेशात घर मांडतात. त्यातल्या एकाचंच रील होतं.

हे स्वप्न फोनमधून आलेलं नाही. ते पुस्तकांतून आलं. परक्या देशात जुनं घर घ्यायचं, गवंडी-प्लंबरांशी वर्षभर झटापट करायची आणि त्यावर पुस्तक लिहायचं, हा इंग्रजीतला एक अख्खा प्रकार आहे. त्यातली सगळ्यात गाजलेली दोन पुस्तकं आणि त्यांच्याशेजारी कुणी ठेवत नाही अशी झुंपा लाहिरीची एक कथा मी अलीकडे लागोपाठ वाचली. तिघांना एकच प्रश्न विचारून बघायचा होता. घर कधीच रिकामं मिळत नाही; आधीच्यांचं काहीतरी, आणि बहुधा आधीचं कुणीतरी, तिथे असतंच. त्याचं तुम्ही काय करता?

प्लंबर विनोदी का वाटतो?

पीटर मेल हा इंग्रज माणूस. जाहिरात क्षेत्रात यश मिळवून बाहेर पडलेला. बायकोसह तो दक्षिण फ्रान्समध्ये, ल्युबेरॉनच्या डोंगराजवळ मेनेर्ब गावाशी, दोनशे वर्षं जुन्या शेतघरात राहायला गेला. त्या पहिल्या वर्षाचं पुस्तक म्हणजे ‘अ यीअर इन प्रोव्हॉन्स’. १९८९ मध्ये आलं. जानेवारी ते डिसेंबर अशी बारा प्रकरणं. जानेवारीत मिस्ट्राल नावाचं बोचरं वारं सुटतं आणि पाण्याचे पाइप गोठून फुटतात. मग प्लंबर येतो, त्याच्यामागून गवंडी येतात, स्वयंपाकघर पाडलं जातं, आणि सगळे गायब होतात. आपल्याकडे घराचं काम काढलेल्या कुणालाही हे सांगायला नको. ‘उद्या येतो’ म्हणून गेलेला मिस्त्री सगळ्या भाषांत सारखाच.

हे पुस्तक मला आवडतं, हे आधी सांगून टाकतो. मेलला माणसाचं बोलणं ऐकू येतं. मेनिकुची नावाचा प्लंबर पाइप दुरुस्त करता करता सांगतो की पृथ्वीचा गोलावा चपटा झाल्यामुळे सैबेरियाचं वारं आता सरळ रस्त्याने येतं. एक अजस्र दगडी टेबल येऊन अंगणात पडतं आणि ते जागेवर न्यायला माणसं मिळत नाहीत. आणि शेवटची युक्ती तर अस्सल संसारी आहे: रेंगाळलेलं काम संपावं म्हणून घरातली बाई सगळ्या कारागिरांना नाताळच्या मेजवानीला बोलावते, पण बायकांसह. आपल्याच नवऱ्याचं काम अर्धवट राहिलेलं बायकोला दिसावं, असं कुणालाच वाटत नाही. काम होतं.

पण दुसऱ्यांदा वाचताना एक गोष्ट खटकली. ज्या बाईला ही युक्ती सुचली तिला पुस्तकात नाव नाही. ती सुरुवातीपासून शेवटपर्यंत ‘माझी बायको’ आहे. आणि गावकऱ्यांना नावं आहेत, पण चिंता नाहीत. चिंता असली तरी ती गमतीची. फॉस्तँ नावाचा शेतकरी मेलच्या जमिनीतल्या द्राक्षवेली वाट्याने कसतो. नव्या वेलींचा खर्च मालकाचा, राबणूक त्याची, उत्पन्नाची वाटणी. हवामान कसंही असो, फॉस्तँ पडलेल्या चेहऱ्याने वाईटच होणार म्हणतो. मेलला आणि वाचकाला त्याचं हसू येतं. आपल्यापैकी ज्यांच्या घरी द्राक्षबाग आहे, त्यांना येईल? ऐन तयार झालेल्या घडांवर गारपीट म्हणजे काय हे नाशिककडच्या वाचकाला समजावून सांगावं लागत नाही. फॉस्तँचं रडगाणं हा स्वभाव नाही, तो अनुभव आहे. मेल तो स्वभाव म्हणून लिहितो, कारण वेलींवर रोग पडला तरी त्याची चूल पेटणारच आहे.

मासो नावाचा शेजारी तर पुस्तकातला ठरलेला विदूषक. कोल्ह्याचं मटण कसं करावं सांगणारा, जंगलात तंबू ठोकणाऱ्या परदेशी पर्यटकांवर दात खाणारा. तो आपलं जुनाट घर एखाद्या शहरी माणसाला भरमसाट किमतीला विकायची स्वप्नं बघतो, हा आणखी एक विनोद. मला मात्र हेच पुस्तकातलं सगळ्यात गंभीर पान वाटतं. परक्यांना शिव्या घालणारा माणूस शेवटी परक्यालाच घर विकणार, कारण इतकी किंमत दुसरं कुणी देणार नाही. आणि ती किंमत वाढली ती मेलसारख्यांमुळेच. लेखक या दारापर्यंत येतो, एक मस्त वाक्य टाकतो आणि परत फिरतो.

पुस्तक लाखोंनी खपलं. मग वाचक मेलच्याच दारात येऊन उभे राहू लागले. काही वर्षं त्याला प्रोव्हॉन्स सोडून अमेरिकेत जाऊन राहावं लागलं. परक्या गावात आपण जसे न विचारता शिरलो तसेच दुसरे आपल्या अंगणात शिरले, तर कसं वाटतं? या प्रश्नावरचं पुस्तक मेलच लिहू शकला असता. तेवढं सोडून त्याने बरंच लिहिलं.

परदेशात घर ‘सुरक्षित’ करणं म्हणजे नुसती कुलपं आणि गज नव्हेत. खरा कडीकोयंडा कागदांचा असतो. मेलच्या पुस्तकात फ्रेंच कागदपत्रांवर धमाल विनोद आहे: जुनी गाडी घ्यायची तरी आपण अस्तित्वात आहोत याचे पुरावे फायलीत भरून हिंडायचे. पण तो हसू शकतो, कारण ब्रिटन तेव्हा युरोपीय समुदायात होतं. फाइल हरवली तर त्रास होईल, हाकलून कुणी देणार नाही. १ जानेवारी २०२१ पासून फ्रान्समध्ये नुसतं घर असलेल्या, पण वास्तव्याचा परवाना नसलेल्या ब्रिटिश माणसाला १८० दिवसांत ९० दिवसच राहता येतं. भिंती त्याच, कुलूप तेच, फक्त स्वतःच्या घरात दिवस मोजायचे. व्हिसाची तारीख फ्रिजवर चिकटवून राहणाऱ्या आपल्या मित्रमैत्रिणींना हा विनोद आधीपासूनच फारसा कळत नव्हता.

एकाच भिंतीच्या दोन बाजू

दुसरं पुस्तक फ्रान्सिस मेझ या अमेरिकन कवयित्रीचं, ‘अंडर द टस्कन सन’, १९९६ चं. सॅन फ्रान्सिस्कोत विद्यापीठात शिकवणाऱ्या मेझने १९९० मध्ये टस्कनीतल्या कोर्तोना गावाजवळ तीस वर्षं ओसाड पडलेलं घर घेतलं. घराचं नाव ब्रामासोले, म्हणजे सूर्याची आस. मेलला माणसं दिसतात, मेझला वस्तू: दगड, तेल, चादरी, तुळशीच्या जातीची पानं. मधेमधे पाककृती. भाषा कधीकधी इतकी पिकते की दोन पानं वाचून थोडं पाणी प्यावंसं वाटतं.

पण ‘आधीचं कुणीतरी’ या बाबतीत ती मेलपेक्षा एक पाऊल पुढे आहे. जेवणघराची भिंत ओल्या फडक्याने पुसताना रंगाखालून जुनं भित्तिचित्र वर येतं, तेव्हा ती पुसायची थांबते आणि बघत राहते. रस्त्याकडेच्या कोनाड्यात मेरीची मूर्ती आहे, आणि एक म्हातारा तिथे फुलं ठेवून जातो. घर तिचं, कोनाडा त्याच्या सवयीचा. हे तिला कळतं आणि ती ते चित्र हलू देत नाही. अडचण अशी की तिला भूतकाळ हवा असतो तो सुंदर असेल तरच. तीस वर्षं घर ओसाड का होतं, आजूबाजूच्या पायऱ्यापायऱ्यांच्या शेतात कोण राबत होतं, ते कुठे गेले, हे प्रश्न तुळशीच्या वासात विरून जातात.

एक गोष्ट मात्र विरत नाही. ब्रामासोलेची ढासळलेली दगडी भिंत बांधायला पोलंडचे मजूर येतात. हे १९९० चं दशक. पोलंडमधली कम्युनिस्ट राजवट नुकतीच संपलेली, आणि युरोपीय संघात तो देश २००४ मध्ये जाणार. म्हणजे त्या अंगणात दोन प्रकारचे परदेशी एकाच वेळी उभे आहेत. एकीला ‘एक्सपॅट’ म्हणतात, दुसऱ्याला ‘मायग्रंट’. दोघंही आपला देश सोडून आलेत, दोघांनाही इटालियन तोडकंमोडकंच येतं, दोघंही त्याच भिंतीत जीव ओततायत. संध्याकाळी एकीला त्या भिंतीवर बसून सूर्यास्त बघायचा आहे. दुसऱ्याला घरी पैसे पाठवायचे आहेत.

पुस्तकात हे बाजूला राहतं. गंमत म्हणजे २००३ मध्ये ऑड्री वेल्सने काढलेल्या सिनेमात, जो एरवी पुस्तकापेक्षा कितीतरी गुळगुळीत आहे, ते मधोमध येतं. सिनेमातली फ्रान्सिस, म्हणजे डायन लेन, घटस्फोटानंतर घर विकत घेते. तिच्याकडे कामाला आलेल्या पोलिश मजुरांत एक जण मायदेशी साहित्याचा प्राध्यापक. दुसरा, पावेल नावाचा कोवळा मुलगा, कियारा या स्थानिक मुलीच्या प्रेमात पडतो. मुलीच्या घरच्यांचा नकार. हा परका, याचं इथे कोण आहे? तेव्हा फ्रान्सिस पुढे होते आणि म्हणते, मी आहे. शेवटी लग्न त्याच घराच्या अंगणात लागतं.

प्रसंग फिल्मी आहे, मान्य. पण त्यातला पेच खरा आहे. फ्रान्सिसला कोर्तोनात कुणी विचारत नाही की तुझं इथे कोण आहे. तिने घर विकत घेतलंय, तेच तिचं उत्तर. ज्याने त्या घराची भिंत उभी केली त्याला मात्र जामीन लागतो, आणि तो जामीनही दुसऱ्या परदेशीणीचा. सिनेमाला आपण काय बोलून गेलो हे बहुधा कळलेलं नाही. तो घाईने लग्नाच्या गाण्याबजावण्याकडे जातो. पण तेवढा वेळ तरी ती दोन माणसं एकाच चौकटीत दिसली. मेलच्या वर्षभरात असा एकही प्रसंग नाही.

व्हिनेगरच्या बाटलीशेजारी

आता तिसरी गोष्ट. झुंपा लाहिरीच्या ‘इंटरप्रिटर ऑफ मॅलडीज’ या १९९९ च्या संग्रहातली ‘धिस ब्लेस्ड हाउस’ ही कथा. तिला कुणी ‘घर सजवण्याच्या पुस्तकां’च्या कपाटात ठेवत नाही, पण माझ्या मते ती त्या कपाटातली सगळ्यात चांगली आहे.

संजीव आणि ट्विंकल हे नवं लग्न झालेलं भारतीय जोडपं अमेरिकेत कनेटिकटमध्ये घर घेतं. सामान लावताना ट्विंकलला शेगडीवरच्या कपाटात, व्हिनेगरच्या न उघडलेल्या बाटलीशेजारी, चिनी मातीचा येशू सापडतो. मग घर एकेक गोष्ट ओकायला लागतं. कुठे पोस्टर, कुठे चित्र, आणि झाडीत प्लास्टरची मेरी. ट्विंकल प्रत्येक वस्तू आनंदाने फायरप्लेसवरच्या फळीवर मांडते. संजीव वैतागतो: आपण ख्रिश्चन नाही. ती म्हणते, नाहीच. पण वस्तू मांडायच्या थांबत नाही. तिने त्याच बाटलीतलं व्हिनेगर घालून माशांचा रस्साही केलेला असतो, आणि संजीवला तो आवडलेला असतो.

मेरीच्या मूर्तीवरून भांडण होतं आणि तडजोडही: रस्त्यावरून दिसणार नाही, पण घरी येणाऱ्याला दिसेल अशा जागी ती ठेवायची. परदेशात घर मांडणाऱ्या प्रत्येकाने ही तडजोड कुठल्या ना कुठल्या रूपात केलेली असते. देव्हारा हॉलमध्ये ठेवायचा की कपाटात? दारावर तोरण लावायचं का? शेजाऱ्यांना काय दिसावं, पाहुण्यांना काय, आणि आपल्याला काय? मेल आणि मेझला हा प्रश्नच पडत नाही. फ्रेंच गावात इंग्रजासारखं आणि इटालियन गावात अमेरिकनासारखं दिसल्याने त्यांचं काहीच बिघडत नाही. संजीवचं बिघडतं, निदान त्याला तसं वाटतं. त्याला ऑफिसातल्या लोकांसमोर नीट दिसायचं आहे.

घरभरणीच्या पार्टीत ट्विंकल पाहुण्यांना घेऊन पोटमाळ्यावर खजिना शोधायला चढते. संजीव खाली एकटा. सगळं फळीवरून काढून फेकून द्यावं, असं त्याच्या मनात येऊन जातं. पण वरून येशूचा जड चांदीचा अर्धपुतळा खाली येतो, आणि तो सुंदर आहे हीच संजीवची पंचाईत. शेवटी तो पुतळा हातात धरून तो बायकोच्या मागून चालू लागतो. काही सुटत नाही. ओझं फक्त हातात येतं.

या कथेत एकही भिंत पाडली जात नाही, एकही फरशी बदलत नाही. तरी परक्या घरात शिरणं म्हणजे काय हे ती दोन जाड पुस्तकांपेक्षा नेमकं सांगते, कारण आधीच्या माणसांनी मागे ठेवलेल्या गोष्टी इथे सजावट होत नाहीत. त्या नव्या माणसांना विचारतात, तुम्ही कोण?

याचीच दुसरी बाजू लाहिरीच्या ‘द नेमसेक’मध्ये आहे. २००३ ची कादंबरी. अशोक आणि आशिमा गांगुलींचं घर कुणाचंही स्वप्न नव्हे. ते हळूहळू साठत जातं. दुसऱ्यांनी अंगणात विकायला मांडलेल्या जुन्या वस्तू घ्यायची आधी लाज वाटते. मग विभागप्रमुखसुद्धा तिथेच खरेदी करतात, असं सांगून त्या लाजेची समजूत काढली जाते. आणि कादंबरीच्या शेवटी आशिमा ते घर विकते. नव्या मालकांना त्याचं काय करावंसं वाटेल, हा आता तिचा प्रश्न नाही. मेलच्या पुस्तकाचा शेवट काम पूर्ण झाल्याच्या मेजवानीकडे जातो. इथे मेजवानी आहे ती शेवटची. पोटासाठी गेलेल्यांची घराची गोष्ट बऱ्याचदा अशीच संपते. त्यांनी रिकामं केलेलं घर कुणाच्या तरी नव्या पुस्तकाचं पहिलं प्रकरण होतं.

आपण कुठल्या बाजूला?

कोकणातल्या वाचकाला हे सगळं परकं नाही. चाकरमानी मुंबईला गेला, घराला कुलूप लागलं, गणपतीला उघडलं, पुढे तेही बंद झालं. गोव्यात आणखी स्पष्ट: पोर्तुगाल नाहीतर इंग्लंडला गेलेल्यांची घरं मोठ्या शहरांतले लोक घेतात, शिंपल्यांच्या खिडक्या घासूनपुसून लावतात आणि फोटो टाकतात. तिथे आपण मेल नसतो, मासो असतो. परक्यांवर चिडणारे, आणि किंमत काय येईल ते हळूच विचारणारे.

मी स्वतः दोन्हीकडे थोडाथोडा राहिलो आहे. जर्मनीत तीन वर्षं भाड्याच्या घरात होतो. तिथे भाड्याच्या घरात स्वयंपाकाचा ओटा बहुतेक वेळा नसतोच. आपला आणायचा, जाताना न्यायचा. मी आधीच्या भाडेकरूचा विकत घेतला. तो लावून झाल्यावर दाराच्या चौकटीवर पेन्सिलीच्या खुणा दिसल्या. कुणाच्या तरी लेकराची उंची, शेजारी तारखा. शेवटची खूण माझ्या कमरेच्या थोडी वर होती. तीन वर्षं भाजी चिरताना त्या खुणा समोर होत्या. घर सोडताना करारात लिहिलं होतं म्हणून भिंतींतली भोकं बुजवली, भिंतींना पांढरा रंग दिला, आणि चौकटीलाही दिला. रंग देताना काही वाटलं नाही. परतीचं सामान बांधायचं होतं, घाई होती, अनामत परत हवी होती.

‘अ यीअर इन प्रोव्हॉन्स’ वाचताना मेलवर चिडायला लागलो की मला ती चौकट आठवते. मग मी त्याला थोडी सूट देतो. सगळी नाही. कारण माझ्याकडे वेळ नव्हता; त्याच्याकडे बारा महिने होते, कान होते, आणि समोर बसून बोलणारा फॉस्तँ होता.

म्हणून ही पुस्तकं वाचू नका, असं मी म्हणणार नाही. वाचा, मेल तर नक्की वाचा, खूप हसाल. फक्त पुढच्या वेळी ते एक युरोचं रील आलं की पांढऱ्या होणाऱ्या भिंतीवर क्षणभर थांबा. रंगाखाली काय होतं तेवढं बघा. मग सेव्ह करा.